इंजिन लिहायचे की वापरायचे? गेम प्रोग्रामिंगच्या पदवीची पार्श्वभूमी

स्कॉटलंडमधील डंडी शहरात एका विद्यापीठाने १९९७ साली कॉम्प्युटर गेम तंत्रज्ञानाची पदवी सुरू केली. तयार इंजिन, म्हणजे चित्र, हालचाल आणि टक्कर सांभाळणारे गेमचे पायाभूत सॉफ्टवेअर, तेव्हा विद्यार्थ्याच्या आवाक्यात नव्हते. विंडो उघडण्यापासून पडद्यावर पहिला त्रिकोण उमटेपर्यंत बहुतेक सगळे हातानेच लिहावे लागे.

विद्यार्थ्याने इंजिन स्वतः लिहावे की तयार वापरावे, या वादाला तोंड फुटले ते इंजिने स्वस्त झाल्यावर. २००५ मध्ये युनिटी हे इंजिन आले, मार्च २०१५ मध्ये अनरियल हे दुसरे इंजिन सोर्स कोडसकट (मूळ प्रोग्रामसकट) मोफत झाले आणि पारडे तयार इंजिनाकडे झुकले. वास्तविक २०११ मध्येच ब्रिटनमधल्या एका अहवालाने बजावले होते की, बऱ्याच गेम अभ्यासक्रमांतून उद्योगाला हवी तशी तयारी होत नाही.

इंजिन जरूर वापरावे, पण त्याच्या पोटात काय चालते हे एकदा स्वतः लिहिल्याशिवाय कळत नाही. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रे) म्हणजे एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद. तेवढ्यात सेकंदाला ३०० मीटर वेगाची गोळी ५ मीटर पुढे जाते. एका फ्रेमला ती भिंतीच्या अलीकडे असते, पुढच्या फ्रेमला पलीकडे. २० सेंटिमीटर जाडीची भिंत तिला लागतच नाही. म्हणून टक्कर दोन बिंदूंमधल्या पूर्ण मार्गावर तपासावी लागते. फिजिक्सची, म्हणजे हालचाल व टक्कर मोजणारी, पावले ठरावीक कालावधीची ठेवून उरलेला वेळ पुढच्या फ्रेमसाठी साठवायचा, हा पुढचा धडा. त्या साठ्याला कमाल मर्यादा घातली नाही, तर एक फ्रेम रेंगाळली की पुढच्या फ्रेमला जास्त पावले टाकावी लागतात, ती आणखी रेंगाळते आणि शेवटी गेम गोठतो.

मेमरीतही हेच. धूर किंवा ठिणग्यांच्या १०,००० कणांचे (पार्टिकलचे) कॅमेऱ्यापासूनचे अंतर मोजायचे आहे आणि रंग, वय, वेग सगळे एकाच स्ट्रक्टमध्ये (माहितीच्या गठ्ठ्यात) कोंबले आहे, तर ६४ बाइटच्या कॅश लाइनचा, म्हणजे प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो त्या तुकड्याचा, बराच भाग वाया जातो. १२ बाइटच्या पोझिशन (कणांच्या जागा) सलग ॲरेत, म्हणजे एका रांगेत, ठेवल्या की एका लाइनमध्ये पाच मावतात.

२०१५ च्या डायरेक्टएक्स १२ ने आणि २०१६ च्या व्हल्कनने, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला काम सांगणाऱ्या इंटरफेसांनी, मेमरी व सिंक्रोनायझेशनचा (कामांचा क्रम जुळवण्याचा) भार पुन्हा प्रोग्रामरवर टाकला. व्हल्कनमध्ये पहिल्या त्रिकोणालाच हजाराच्या आसपास ओळी लागतात. एका सत्रात हे रेटले तर गेमला वेळ उरत नाही. त्यापेक्षा आधी डायरेक्टएक्स ११ किंवा ओपनजीएल या सोप्या इंटरफेसवर छोटे इंजिन लिहून घ्यावे, मग अनरियलचा सोर्स वाचायला द्यावा. गुण देताना प्रोफाइलरचे (कुठे किती वेळ जातो ते मोजणाऱ्या साधनाचे) आकडे मागावेत, तेही रिलीज बिल्डचे, म्हणजे वापरकर्त्याला द्यायच्या वेगवान आवृत्तीचे. डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या आवृत्तीत, स्टँडर्ड लायब्ररीचे कंटेनर (माहिती साठवणारे तयार साचे) इतके मंदावतात की खरा अडथळा कुठे आहे ते दिसतच नाही.