पंपाचा अर्धा आटा फिरवण्याआधी: टॉर्क वेगळा, पॉवर वेगळी

जालन्याहून सळई भरून लातूरकडे निघालेला ट्रक बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागला, की मालकाला फोन जातो, "मालक, गाडी ओढत नाही." मालक मिस्त्रीला गाठतो. मिस्त्रीचं उत्तर तयारच असतं, "डिझेल पंपाचा स्क्रू अर्धा आटा फिरवून डिझेल वाढवू, वीस-तीस एचपी कुठंच गेले नाहीत."

इथंच घोळ होतो. तक्रार टॉर्कची होती, उत्तर पॉवरचं मिळालं. आपण दोन्हीला 'पिकअप' म्हणतो आणि मोकळे होतो.

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. तो बघायचा असेल तर पंक्चरवाल्याकडे बघा. ट्रकच्या चाकाचा नट अडला की तो पान्याला मीटरभर पाईप घालतो आणि टोकावर उभा राहतो. माणूस ७० किलोचा असेल तर नटावर जवळपास ७०० न्यूटन मीटर टॉर्क पडला. नट हलला नाही तरी टॉर्क पूर्ण आहे, पॉवर मात्र शून्य, कारण काही फिरलंच नाही. तोच जोर मिनिटाला चौदाशे वेळा फिरू लागला, की त्याची पॉवर होते. हिशेब सरळ आहे: टॉर्क गुणिले आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे), भागिले ७०२४, म्हणजे हॉर्सपॉवर.

आता एक गाडी धरू. कागदावर १८० एचपी, २५०० आरपीएमला. जास्तीत जास्त टॉर्क ७०० न्यूटन मीटर, १४०० आरपीएमला. हिशेब लावला तर १४०० वर पॉवर निघते १४० एचपीच. उलट २५०० वर १८० एचपी मिळतात तेव्हा टॉर्क उतरून ५०६ च्या आसपास आलेला असतो. म्हणजे इंजिनावर सगळ्यात जास्त ताण येतो तेव्हा पॉवर कमी असते आणि पॉवर सगळ्यात जास्त असते तेव्हा ताण कमी. हे डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

खालच्या आरपीएमला २० टक्के वाढवले तर टॉर्क ८४० होतो आणि पॉवर फक्त १६७ एचपी. कागदावरच्या १८० च्या आतच, म्हणून मालक निर्धास्त. पण हेड गॅस्केट, कनेक्टिंग रॉड, क्लच, सगळ्यांवर कंपनीनं कधीच टाकला नव्हता एवढा जोर पडला. पहिल्या गिअरला हा जोर सातपट आणि क्राउन-पिनियनला (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या दात्यांना) पुन्हा सहापट होतो असं धरलं, तर मागच्या अ‍ॅक्सलवर २९,४०० ऐवजी ३५,२८० न्यूटन मीटर येतात. तेच २० टक्के वरच्या टोकाला वाढवले तर पॉवर २१६ एचपी होते, टॉर्क मात्र ६०७ च. मुळातल्या ७०० पेक्षा कमी. तुटणार काही नाही. पण जळेल.

कारण जास्त पॉवर म्हणजे दर मिनिटाला जास्त डिझेल, आणि जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. जळत्या वायूचं तापमान त्याच्या कितीतरी वर असतं. पिस्टन तगतो तो खालून तेल, बाजूनं पाणी आणि वरून भरपूर ताजी हवा मिळते म्हणून. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं की सायलेन्सरमधून काळा धूर येतो. काही जणांना तो ताकदीचा वाटतो. ते अर्धवट जळालेलं डिझेल आहे, तुमच्याच पैशाचं. एप्रिल-मे महिन्यात बाहेरच ४२ अंश असताना रेडिएटरकडे फार काही शिल्लक नसतं.

तिसरी वाट म्हणजे गव्हर्नर (इंजिनाच्या फेऱ्यांना मर्यादा घालणारा भाग) उघडून आरपीएम वाढवणं. ती मला सगळ्यात वाईट वाटते. २५०० चे २८०० केले तर वेग १२ टक्के वाढतो, पण पिस्टन थांबवून परत फिरवण्याचा रॉडवरचा ताण २५ टक्के.

मग सुरक्षित किती? लोक अमेरिकेतल्या पिकअप ट्रकचा दाखला देतात. कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन १९८९ मध्ये तिथं १६० एचपीचं होतं, तेच पुढे ३२५ पर्यंत गेलं. खरंय. पण मधल्या काळात त्यात इंजिनात जाणारी हवा थंड करणारा इंटरकूलर आला, हेड बदललं, जास्त दाबानं डिझेल सोडणारी कॉमन रेल आली. अर्ध्या आट्यावर झालेलं नाही ते. शिवाय ती पिकअप सिग्नलवरून सुटताना क्षणभर जोर लावते. आपला ट्रक पूर्ण घाट पाय दाबून चढतो.

माझा हिशेब असा: टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि इंटरकूलर असलेलं, कॉम्प्रेशन चांगलं असलेलं इंजिन असेल तर वरच्या टोकाला १० टक्के, फार तर १५. खालच्या टॉर्कमध्ये पाच-सात टक्क्यांपुढे हात लावू नये. टर्बो नसेल तर शून्य. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीत फिरवायला आटाच नाही. तिथं इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला डिझेलचा मॅप बदलतात, मग काजळीनं डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरतो आणि गाडी स्वतःच लिंप मोडवर जाते, म्हणजे ताकद कमी करून टाकते. वॉरंटी जाते ती वेगळीच, आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल करू न देणारं मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं तेही वेगळं.

आमच्या जुन्या गाडीला हा प्रयोग करून झालाय. पंप वाढवल्यावर आठवडाभर ड्रायव्हर खूश होता. नंतर घाटातल्या तिसऱ्या वळणावर केबिनमध्ये जळका वास आला. क्लच प्लेट काढली तर अस्तर काळं-निळं पडलेलं, एका बाजूनं काचेसारखं गुळगुळीत. प्रेशर प्लेटही सोबत गेली. पंप परत जागेवर आणला, तेव्हा दुसऱ्या मिस्त्रीनं इंटरकूलरच्या होसवर साबणाचं पाणी ओतलं आणि रेस द्यायला सांगितलं. क्लिपच्या खाली, हाताला न लागणाऱ्या जागी, बुडबुडे आले. गाडी ओढत नव्हती ती एवढ्यासाठी.