फक्त ३२,७६८ किल्ल्या

मे २००८मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीने जाहीर सूचना काढली: सप्टेंबर २००६पासून आमच्या प्रणालीवर बनवलेल्या गुप्त किल्ल्या (माहिती कुलूपबंद करणारे लांबलचक आकडे) फेकून द्या, नव्या बनवा. डेबियनवर बेतलेली उबुंटूही त्यात सापडली.

किल्ली बनवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरला सुरुवातीला कुणालाही ओळखता येणार नाही असं 'सीड', म्हणजे बीजासारखा पहिला आकडा, लागतं. पुढचे सगळे आकडे त्यातून ठरलेल्या गणिताने निघतात. तपासणीच्या एका साधनाने कोडमधल्या दोन ओळींवर 'न भरलेली मेमरी वाचली जातेय' अशी तक्रार केली आणि त्या काढून टाकल्या गेल्या. त्यातलीच एक ओळ बाहेरून गोळा केलेला सगळा अनिश्चितपणा सीडमध्ये मिसळत होती! उरला तो प्रोसेसचा (चालू असलेल्या प्रोग्रॅमचा) क्रमांक, जास्तीत जास्त ३२,७६८. म्हणजे एका जातीच्या संगणकावर एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्ल्या साधारण तेवढ्याच. हल्लेखोराने सगळ्या आधीच बनवून ठेवायच्या आणि एकेक लावून पाहायची. डेबियनच्याच लुचियानो बेल्लोच्या लक्षात येईपर्यंत हे खपून गेलं, कारण किल्ली बघून काहीच कळत नाही. आकडे विस्कळीत दिसणं वेगळं आणि ते ओळखता न येणं वेगळं.

२०१२मध्ये नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या लाखो सार्वजनिक (गुप्त किल्लीच्या जोडीच्या, सगळ्यांना दिसणाऱ्या) किल्ल्या गोळा केल्या. त्यातल्या आरएसए या पद्धतीची सार्वजनिक किल्ली म्हणजे मुख्यतः दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. तो फोडणं महाकठीण. पण दोन किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक निघाली, तर शाळेतला मसावि काढला की दोन्ही उघड्या. अशा किल्ल्या हजारोंनी सापडल्या, बहुतेक राउटर आणि फायरवॉलसारख्या उपकरणांत. त्यांना ना कीबोर्ड, ना माउस. चालू झाल्या झाल्या किल्ली बनवायची, तेव्हा गाठीला अनिश्चितपणा काहीच नाही.

लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) असा अनिश्चितपणा इंटरप्टच्या, म्हणजे डिस्क, कीबोर्ड वगैरे प्रोसेसरला देतात त्या हाकांच्या, वेळांमधल्या बारीक फरकांतून वेचतो, प्रोसेसरमधल्या खास सर्किटकडून घेतो आणि सगळं हॅश या उलट न फिरवता येणाऱ्या गणिताने एकत्र घुसळतो. यातला एखादा स्रोत कच्चा असला तरी चालतं. बाकीच्यांचं बळ त्याने कमी होत नाही. प्रोग्रॅम ज्यातून कर्नलकडे असे आकडे मागतात ते २०१४मध्ये आलेलं 'गेटरँडम' तर अनिश्चितपणाचा पुरेसा साठा होईपर्यंत त्यांना थांबवूनच ठेवतं. माझ्या मते हेच योग्य, पण ते फुकट पडत नाही. २०१९मध्ये एक्स्ट४ फाइल प्रणालीत सुधारणा झाली, सुरू होताना डिस्कची ये-जा घटली, तसे इंटरप्टही घटले, आणि काही संगणक सुरू होता होता अडकून बसले. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने ती सुधारणा तात्पुरती मागे घेतली. मग प्रोसेसरच्या स्वतःच्या वेळेतल्या चढउतारांतून साठा भरण्याची सोय केली.