सीमाप्रश्न लोकसभेत मांडला, पण दिवसाच्या कोणत्या तासाला?

अधिवेशन सुरू झालं की आमच्या बेळगावात मोबाइलवर एखादा व्हिडिओ फिरायला लागतो. महाराष्ट्रातले कुणी खासदार लोकसभेत उभे राहून सीमाभागाबद्दल बोलत असतात आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘संसदेत सीमाप्रश्न गाजला’. खडेबाजारातल्या दुकानात, येळ्ळूरच्या पारावर, टिळकवाडीतल्या चहाच्या टपरीवर तो पाहिला जातो, पुढे पाठवला जातो. बोलणाऱ्याबद्दल मनात कृतज्ञता असतेच. पण हल्ली असा व्हिडिओ आला की मी आधी शोधतो ते एवढंच, की हे बोलणं किती वाजता झालं. साडेअकराला झालं असेल तर मंत्र्याला उभं राहून उत्तर देणं भाग पडलेलं असतं. साडेबाराला झालं असेल तर बहुधा नाही.

लोकसभेचा दिवस ज्या क्रमाने उलगडतो तो क्रम कुणी एका बैठकीत ठरवलेला नाही. त्याला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लागला. त्यातला एकेक तुकडा कधी भांडून, कधी चिकाटीने मिळवलेला आहे.

अकराच्या ठोक्याला मार्शल अध्यक्ष येत असल्याची ललकारी देतात, सगळे उभे राहतात, अध्यक्ष डावी-उजवीकडे नमस्कार करतात आणि आसनावर बसतात. ब्रिटिश संसदेत कामाआधी प्रार्थना होते, आपल्याकडे ती घेतली नाही. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी ‘जन गण मन’ आणि शेवटच्या दिवशी ‘वंदे मातरम्’ ही प्रथासुद्धा १९९२ ची. मुंबईचे खासदार राम नाईक यांनी तिचा पाठपुरावा केला होता आणि तेव्हा आसनावर लातूरचे शिवराज पाटील होते. माजी सदस्य वारले असतील तर शोकप्रस्ताव आणि क्षणभर स्तब्धता. एकूण सदस्यांच्या एक दशांश, म्हणजे ५५ जण सभागृहात हवेत, ही गणसंख्या घटनेनेच घालून दिली आहे. एवढं झालं की अध्यक्ष पहिल्या प्रश्नाचा क्रमांक पुकारतात.

हा प्रश्नच मुळात केवढ्या कष्टाने मिळाला! १८५३ नंतर कलकत्त्याच्या कायदेमंडळातले सदस्य सरकारच्या कारभारात डोकावायला लागले, विचारपूस करू लागले. सरकारला ते खपलं नाही. १८६१ च्या कायद्याने मंडळाचं काम समोर आलेल्या विधेयकापुरतं बांधून टाकलं. पुढची तीस वर्षं सदस्य येत, मान डोलावत, जात. १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याची मुभा दिली, पण उत्तर ऐकून पुन्हा काही विचारायचं नाही, ही अट ठेवून.

पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी अवधमधल्या भिंगा संस्थानच्या राजांनी विचारला. तो कशाबद्दल होता, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. साम्राज्य, युद्ध, तिजोरी असलं काही नाही. साहेब लोक दौऱ्यावर निघाले की त्यांच्या छावणीला रसद पुरवावी लागे आणि त्यात गावच्या दुकानदारांचे हाल होत, त्याबद्दल तो होता. देशाच्या कायदेमंडळात पहिल्यांदा तोंड उघडलं गेलं ते गावच्या वाण्यासाठी. आज आमच्याकडचा कुणी म्हणतो, “पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये आली म्हणून काय दिल्लीत विचारायचं?”, तेव्हा मी त्याला हा दुकानदार दाखवतो.

पुढच्या टप्प्यात आपल्या शेजारचा एक माणूस येतो. निपाणीहून कोल्हापूरच्या रस्त्याला लागलं की कागल लागतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं बालपण त्या कागलात गेलं. १९०२ मध्ये ते गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळात गेले आणि त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकावरच्या भाषणाने सरकारला आकड्यांनिशी घेरता येतं हे त्यांनी दाखवून दिलं. मत देऊन अंदाजपत्रक पाडण्याचा हक्क नव्हता, फक्त बोलता येत होतं. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्न विचारणाऱ्याला पुरवणी प्रश्न विचारायची परवानगी मिळाली. १९१९ च्या सुधारणांनंतर ती कुठल्याही सदस्याला मिळाली. १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळ भरलं तेव्हा बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी राखला गेला. तोंडी उत्तर हवं असेल त्या प्रश्नावर तारा छापायची पद्धतही त्याच वेळची. ‘तारांकित’ हा शब्द आपण सहज वापरतो, तो त्या फुलीसारख्या खुणेवरून आला आहे.

पुरवणी प्रश्नाला मी एवढं महत्त्व का देतो? मूळ प्रश्नाचं उत्तर सचिवालयात लिहून आलेलं असतं. अध्यक्षांनी क्रमांक पुकारला की मंत्री उठून म्हणतात, ‘विवरण सदन के पटल पर रखा जाता है’, आणि बसतात. तोवर सगळं कागदोपत्री. प्रश्न विचारणारा सदस्य पुन्हा उठतो, तेव्हा मात्र मंत्र्याच्या हातातला कागद अपुरा पडतो आणि स्वतःला किती ठाऊक आहे ते उघडं होतं. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशांचं प्रकरण प्रश्नातूनच सुरू झालं. फिरोज गांधींनी ते लावून धरलं आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना राजीनामा द्यावा लागला. ताकद होती म्हणूनच तो तास बंदही पाडला गेला : १९६२ च्या चीन युद्धात, १९७५ च्या आणीबाणीत आणि २०२० च्या कोविडच्या अधिवेशनात.

आताचे नियम असे. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे, प्रश्न. पंधरा दिवस आधी नोटीस, मग सोडत. तारांकितांची यादी हिरव्या कागदावर, अतारांकितांची पांढऱ्या. मंत्रालयांचे पाच गट पाडून प्रत्येकाला आठवड्याचा एकेक वार नेमलेला, त्यामुळे गृह खात्याची पाळी लोकसभेत मंगळवारी आणि रेल्वेची बुधवारी. वीसच्या वीस तारांकित प्रश्न एका तासात होणं इतकं दुर्मिळ, की २७ नोव्हेंबर २०१९ ला ते घडलं तेव्हा १९७२ नंतर पहिल्यांदाच घडलं होतं. राज्यसभेत गोंधळामुळे हा तास वारंवार वाया जाऊ लागला, म्हणून २०१४ मध्ये तिथे तो अकरावरून बारावर नेला.

स्वतंत्र भारताच्या लोकसभेला ही घडी बसवून दिली ती दादासाहेब मावळंकरांनी. गणेश वासुदेव मावळंकर, घराणं मूळचं संगमेश्वराकडच्या मावळंग्याचं, वकिली अहमदाबादेत. १९४६ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले आणि १५ मे १९५२ रोजी लोकसभेचे पहिले अध्यक्ष. त्यांच्याच काळात कामकाज सल्लागार समिती आली. कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे ते सरकारने एकट्याने न ठरवता सगळ्या पक्षांनी बसून ठरवावं, हा तिचा हेतू. अल्पकालीन चर्चा आणि १९५४ मधली लक्षवेधी सूचनाही त्यांच्याच कारकिर्दीतली.

बाराला प्रश्नोत्तरं संपतात आणि मंत्री एकामागून एक उठून अहवाल, नियम, अधिसूचना पटलावर ठेवतात. पाहणाऱ्याला हा दिवसातला सगळ्यात कंटाळवाणा भाग वाटतो. मला तो वाटत नाही, कारण त्या गठ्ठ्यात आमचाही एक कागद असतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-ब आणलं. भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमावा, त्याने अहवाल द्यावा आणि तो राष्ट्रपतींनी संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेववावा, असं ते कलम सांगतं. १९५७ मध्ये आयुक्तालय सुरू झालं. त्याच्या तीन विभागीय कार्यालयांपैकी एक कितीतरी वर्षं आमच्या बेळगावात होतं. ज्या भागात एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे याच व्यवस्थेत मान्य झालेलं आहे.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत. घरपट्टीची नोटीस आली की त्या ती उलटसुलट करून पाहतात, घडी घालून पदराच्या टोकाला बांधतात आणि नातू शाळेतून यायची वाट बघतात. नातू दारातच दप्तर टाकून कन्नड वाचतो आणि मराठीत सांगतो. ‘दंड’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच असल्यामुळे तेवढा त्यांना आधीच कळलेला असतो. त्या १५ टक्क्यांचा अर्थ एवढाच, की आजींना नातवाची वाट बघावी लागू नये.

कागद पटलावर ठेवल्यानंतर सुरू होतो तो शून्य प्रहर. साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून रुळलेला हा भाग लोकसभेच्या नियमावलीत नावानेसुद्धा सापडत नाही. पंधरा दिवसांची नोटीस लागत नाही, विषय तातडीचा असला आणि अध्यक्षांनी परवानगी दिली की बोलता येतं. मंत्र्याने उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नाही. सीमाप्रश्नावरच्या ज्या भाषणांचे व्हिडिओ आपण बघतो, त्यांतली बहुतेक इथली. नियम ३७७ खाली मांडलेल्या मुद्द्यांना निदान मंत्र्याकडून लेखी उत्तर येतं, पण ते कुणी पुढे पाठवत नाही.

मग सीमाप्रश्न थेट पहिल्या तासात का विचारत नाहीत? नियम ४१ आडवा येतो. न्यायालयापुढे असलेल्या बाबीवर प्रश्न विचारता येत नाही, आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ‘न्यायप्रविष्ट’ या एका शब्दावर विषय थांबतो. या शब्दालाही इतिहास आहे. १९२५ मध्ये निवडून आलेले पहिले भारतीय अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी १९२९ च्या एप्रिलमध्ये सरकारचं सार्वजनिक सुरक्षा विधेयक रोखलं. कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरचा मीरतचा खटला कोर्टात चालू आहे आणि विधेयकाचा आधार तोच आहे, तेव्हा एकाला हात न लावता दुसऱ्यावर चर्चा होऊच शकत नाही, असा त्यांचा निर्णय होता. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ८ एप्रिलला सभागृहात बॉम्ब टाकला, तो विठ्ठलभाई हा निर्णय द्यायला उठत असतानाच. परक्या सरकारला अडवायला वापरलेला तो अडसर आज आमच्या दाराला लागला आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुपारनंतरचा वेळ सरकारी कामकाजाचा, विधेयकांचा. बेळगावचं भवितव्य ठरलं ते याच भागात. राज्य पुनर्रचना विधेयक १० ऑगस्ट १९५६ रोजी लोकसभेने मंजूर केलं आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून झालेल्या आंदोलनातले त्याच वर्षीच्या १७ जानेवारीचे हुतात्मे आमच्या डोळ्यांपुढे ताजे होते. तेव्हाचे बेळगाव उत्तरचे खासदार ब. ना. दातार गृह खात्यातच मंत्री होते. मंत्री प्रश्न विचारत नसतो, उत्तर देत असतो. म्हणजे ऐन त्या वर्षांत बेळगावच्या त्या जागेवरून पहिल्या तासाला प्रश्न विचारणारं कुणी नव्हतंच.

शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मात्र मंत्री नसलेल्या सदस्यांचे. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, ते १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सरकारबाहेरच्या माणसाने विधेयक आणण्याची ती वाट बॅ. नाथ पै यांनी १९६७ मध्ये पुन्हा चोखाळली. ते राजापूरचे खासदार, पण बेळगावने त्यांना कधी परकं मानलं नाही. मूलभूत हक्कांना संसदेने हात लावू नये, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर घटना दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा स्पष्ट करणारं त्यांचं विधेयक देशभर गाजलं. ते मंजूर झालं नाही, पण तोच विचार १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत आला. तो बघायला नाथ पै नव्हते. त्या वर्षीच्या जानेवारीत हुतात्मा दिनासाठी बेळगावात आले असताना, १८ तारखेला, ते इथेच गेले.

मराठीतून बोलण्याची अडचण आता उरलेली नाही. कलम १२० नुसार अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येतं आणि लोकसभेत मराठीच्या भाषांतराची सोय आहे. अडचण आहे ती कुणाकडे जायचं याची. बेळगाव शहराचा खासदार वेगळा, निपाणीचा चिक्कोडीतला वेगळा, आणि खानापूरकरांना तर कारवारकडच्या उत्तर कन्नड मतदारसंघात घातलेलं. पण असा प्रश्न देशातला कोणताही खासदार मंत्र्याला विचारू शकतो. तो दीडशे शब्दांच्या आत असावा, न्यायालयातला दावा त्यात नसावा आणि विषय केंद्राच्या अखत्यारीतला असावा.

आमच्या वाचनालयात चौघांनी बसून एक मसुदा केला आहे. पुढच्या अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की तो तीन खासदारांकडे जाईल. मजकूर असा :

अल्पसंख्याक कार्य मंत्री कृपया सांगतील काय, (क) घटनेच्या कलम ३५०-ब खालील आयुक्तांचा अहवाल कोणत्या वर्षापर्यंतचा पटलावर ठेवण्यात आला आहे. (ख) पंधरा टक्क्यांहून अधिक मराठी भाषक असलेल्या बेळगाव जिल्ह्यातील कोणत्या तालुक्यांत सरकारी सूचना मराठीतही दिल्या जातात. (ग) दिल्या जात नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?