कार्ड टेकवलं म्हणजे पर्यावरण जपलं?

कॉलेजच्या मेसच्या दारात दोन मुली एकापाठोपाठ स्मार्ट कार्ड टेकवतात, बीप वाजतो, ताट घेऊन आत जातात. बघणाऱ्याला फरक दिसणार नाही. पण एकीची कुपनं सांभाळायची कटकट संपली म्हणून ती खूश आहे, तर दुसरीला रोज फाटून डब्यात पडणारा कुपनांचा ढीग बघवत नव्हता. पहिलीने सोय स्वीकारली. दुसरीला पर्यावरणाची काळजी आहे. 'सगळे कार्ड वापरतात, म्हणजे आमची मुलं पर्यावरणाबद्दल जागरूक', असं कॉलेजवाले म्हणतात तेव्हा या दोन गोष्टींची गल्लत होते.

लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात, याचं मॉडेल संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं. त्यात दोन गोष्टींवर भर होता: वस्तू उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का. पर्यावरणाचा त्यात उल्लेखच नव्हता. शिवाय कार्डाशिवाय गेटच उघडत नसेल, तर त्याला स्वीकार तरी कसं म्हणायचं? तो नाइलाज झाला.

खरा फरक कळतो तो कार्ड खराब झाल्यावर. माझ्या रूममेटने दोरी ओवायला कार्डाला पंचिंग मशीनने भोक पाडलं आणि कार्ड बंद पडलं. अशा कार्डात बॅटरी नसते. आत कडेकडेने तांब्याच्या बारीक तारेचे वेढे असतात आणि रीडरजवळ नेलं की त्यातूनच चिपला वीज मिळते. वेढा तुटला की कार्ड संपलं. ऑफिसात पैसे भरून तिला पाच मिनिटांत नवं मिळालं. सोय बघणाऱ्याचा प्रश्न तिथेच मिटतो. जुन्याचं काय, असं तिने विचारलं, तर 'टाकून द्या' म्हणाले. जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा तो तुकडा, पण पीव्हीसी प्लास्टिक, तांबं आणि चिप असं चिकटवलेलं की वेगळं करणं अवघड.

म्हणून मुलांना नुसतं 'कार्ड आवडतं का' विचारून भागणार नाही. दरवर्षी नवं छापण्याऐवजी जुन्यावरच वर्षाचं स्टिकर चालेल का? बंद पडलेलं परत आणून द्याल का? हेही विचारायला हवं. आणि कॉलेजलाही विचारायला हवं, की कागद खरंच वाचला का. आमच्या गेटवर कार्ड टेकवल्यावर शेजारच्या रजिस्टरमध्ये सहीसुद्धा करावी लागायची.