चावी: एका लॅटिन शब्दाचा उच्चार बदलत गेला त्याची हकिकत

मे २०२५ मध्ये नव्या पोपची निवड झाली, तेव्हा मराठी बातम्यांतही ‘कॉन्क्लेव्ह’ हा शब्द सारखा दिसू लागला. लॅटिनमध्ये ‘क्लाविस’ म्हणजे किल्ली. कुलूपबंद करता येते अशी खोली ती ‘कॉन्क्लावे’. इटलीतल्या वितेर्बो गावात १२६८ पासून जवळजवळ तीन वर्षे पोप निवडणाऱ्या कार्डिनलांचे (कॅथलिक चर्चच्या वरिष्ठ धर्मगुरूंचे) एकमत होईना, तेव्हा गावच्या कारभाऱ्यांनी त्यांना खरोखरच कोंडून घातले, आणि पुढे १२७४ मध्ये दहाव्या ग्रेगरी पोपने बंद दाराआडच्या निवडणुकीचा नियमच केला. हाच ‘क्लाविस’ आपल्या घरीही दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो, कारण मराठीतली ‘चावी’ पोर्तुगीज भाषेतून आली आणि पोर्तुगिजांना तो शब्द लॅटिनमधून वारशाने मिळाला होता.

लॅटिनच्या लेकींकडे या शब्दाची रूपे अशी आहेत: कातालानमध्ये ‘क्लाउ’, फ्रेंचमध्ये ‘क्ले’, इटालियनमध्ये ‘क्यावे’, रुमानियनमध्ये ‘केये’, स्पॅनिशमध्ये ‘ल्यावे’ (बहुतेक ठिकाणी आता ‘यावे’) आणि आजच्या पोर्तुगीजमध्ये ‘शाव’. वरवर पाहता ‘क्लाउ’ आणि ‘शाव’ यांचे काही नाते असेल असे वाटत नाही. ते नाते जिभेच्या हालचालीत आहे.

‘क्ल’ हा जोड सावकाश उच्चारून पाहावा. ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर टेकतो आणि ‘ल’ म्हणताना शेंडा दातांमागे जातो. हे दोन टप्पे घाईने एकत्र आले की जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो आणि ‘ल’ला ‘य’ची छटा येते, ‘क्ल’चा ‘क्ल्य’ होतो. ही मधली पायरी कल्पनेतली नाही. स्पेनच्या पिरेनीज पर्वतातल्या रिबागोर्सा भागात आजही किल्लीला ‘क्ल्याउ’ म्हणतात, आणि भाषेच्या अभ्यासकाला असा जिवंत पुरावा सापडतो तेव्हा होणारा आनंद जीवाश्म हाती लागण्याइतकाच मोठा असतो. या पायरीवरून वाटा फुटल्या. इटालियनने ‘ल’ गाळून ‘क्य’ ठेवला, स्पॅनिशने ‘क’ टाकून ‘ल्य’ ठेवला, आणि पोर्तुगीजमध्ये सगळा गुच्छ टाळूपाशी वितळून त्याचा ‘च’ झाला. हा बदल एकट्या किल्लीपुरता नव्हता. ‘हाक मारणे’ या अर्थाच्या ‘क्लामारे’चे इटालियनमध्ये ‘क्यामारे’, स्पॅनिशमध्ये ‘ल्यामार’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘चामार’ झाले. ‘प्लेनुस’ (भरलेला) आणि ‘फ्लाम्मा’ (ज्वाला) हे शब्दही पोर्तुगीजमध्ये ‘च’वरच येऊन थांबले. हस्त-हात, सप्त-सात अशा जोड्या आपण शाळेत शिकतो, त्यांच्यासारखाच हा नियमित बदल आहे.

नियमितपणा हाच नात्याचा पुरावा असतो, हे येथे ठासून सांगितले पाहिजे. ‘किल्ली’ आणि ‘क्ले’ यांच्या उच्चारातले साम्य दाखवून युरोपीय भाषा संस्कृतातून निघाल्याचे सांगणारा दावा कितीही सुखावणारा असला, तरी एक जोडी जुळल्याने काहीच सिद्ध होत नाही. तसाच बदल दहा-वीस शब्दांत दाखवावा लागतो. पोर्तुगालच्या उत्तरेस ‘शावेश’ नावाचे शहर आहे आणि त्या नावाचे स्पेलिंग ‘किल्ल्या’ या शब्दाचेच आहे, तरी किल्ल्यांशी त्याचा संबंध नाही. रोमन काळात ते ‘आक्वे फ्लाविए’, म्हणजे फ्लाविउस घराण्याच्या सम्राटाच्या नावाचे झऱ्यांचे गाव होते, आणि ‘फ्ल’चा ‘च’ होण्याच्या नियमानेच त्याला आजचे रूप आले.

अर्थाचीही गंमत आहे. घालून फिरवायची वस्तू म्हणून स्पॅनिश ‘ल्यावे’ नटबोल्टचा पाना झाली आणि अमेरिकेतल्या अनेक स्पॅनिशभाषक देशांत पाण्याचा नळही झाली. स्पॅनिशने तोच लॅटिन शब्द पुढे ग्रंथांमधून पुन्हा उचलला. आपल्याकडे ‘हात’ असताना ‘हस्त’ही आहे, तसा तेथे ‘ल्यावे’बरोबर ‘क्लावे’ आहे, आणि त्याचा अर्थ सांकेतिक लिपीची किंवा कोड्याची किल्ली असा होतो. गळ्याखालच्या हाडाचे ‘क्लॅव्हिकल’ हे नाव म्हणजे तर ‘छोटी किल्ली’.

आता आपल्या ‘चावी’कडे. आजचे प्रमाण पोर्तुगीज ‘शाव’ म्हणते, मग आपल्याकडे ‘शावी’ का नाही? मराठीला ‘श’ परका नाही. कानावर ‘श’ पडला असता तर तो तसाच घेतला गेला असता. उत्तर काळात आहे. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला आणि १५१० मध्ये गोव्यात आले, तेव्हा त्यांच्या तोंडी ‘च’च होता, लिस्बनकडच्या बोलीत त्याचा ‘श’ झाला तो त्यानंतर. म्हणून बंगालीतली ‘चाबि’, हिंदीतली ‘चाबी’ आणि मराठीतली ‘चावी’ या तिघींनी सोळाव्या शतकातल्या खलाशांचा उच्चार सांभाळून ठेवला आहे, आणि पोर्तुगालमध्ये तो अजून ऐकायचा असेल, तर उत्तरेकडच्या डोंगराळ खेड्यांतल्या जुन्या माणसांकडे जावे लागते.