सामाजिक करार सिद्धांत

राज्यसत्ता ईश्वरदत्त किंवा निव्वळ बळाने मिळवलेली नसून माणसांच्या परस्पर संमतीवर उभी आहे, असे मानणारी राज्यशास्त्रातील उपपत्ती. शासन नसते तर माणसे कशी वागली असती, हा तिचा आरंभीचा प्रश्न होय. या कल्पित स्थितीला निसर्गावस्था म्हणतात. मनुष्यस्वभावाविषयीचे गृहीतक बदलले की करारातून उभे राहणारे राज्यही बदलते.

टॉमस हॉब्ज (१५८८–१६७९) याने आपला ‘लेव्हायथन’ (१६५१) हा ग्रंथ इंग्लंडमधील यादवीच्या काळात पॅरिसमध्ये राहून लिहिला. त्याच्या मते माणूस मुळातच दुष्ट असतो, असे सर्रास सांगितले जाते; ते तितकेसे बरोबर नाही. त्याच्या विवेचनाचा पाया समानता हा आहे. दुबळ्यातला दुबळाही कपटाने किंवा इतरांशी संगनमत करून बलवानाला ठार मारू शकतो, त्यामुळे कोणीच निर्धास्त नसतो आणि शांतताप्रिय माणसालाही स्वसंरक्षणासाठी आधी वार करणे शहाणपणाचे वाटू लागते. यावर उपाय म्हणून सर्वांनी आपले हक्क एका सार्वभौमाकडे सोपवायचे. तो स्वतः करारातील पक्ष नसल्याने त्याच्यावर करारभंगाचा ठपका ठेवता येत नाही. मात्र स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क प्रजाजनाकडेच राहतो, आणि या कडेकोट युक्तिवादातील ही फट टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही.

जॉन लॉक (१६३२–१७०४) याचा माणूस विवेकी असून नैसर्गिक नियम जाणतो. उणीव असते ती निःपक्ष न्यायाधीशाची. म्हणून त्याचे शासन विश्वस्तासारखे मर्यादित आहे, आणि त्याने विश्वासघात केल्यास प्रजेला प्रतिकाराचा हक्क मिळतो.

झां झाक रूसो (१७१२–७८) याने दोघांच्याही गृहीतकालाच हात घातला. समाजात घडलेला माणूस उचलून त्यांनी निसर्गात नेऊन ठेवला, असा त्याचा आक्षेप होता. आदिम माणसात आत्मरक्षणाइतकीच करुणाही असते. इतरांशी तुलना करून फुगणारा अहंकार मालमत्ता व विषमता यांबरोबर वाढतो, असे त्याने १७५५ मध्ये प्रतिपादन केले. असा करार इतिहासात झाल्याचे कोठे आढळत नाही, हा डेव्हिड ह्यूमचा आक्षेप (१७४८) त्याआधीचा आहे.

भारतीय परंपरेतही याच्याशी मिळतेजुळते विचार आढळतात. मात्स्यन्यायाने (मोठ्या माशाने लहानाला गिळावे तशा बळी तो कान पिळी स्थितीने) गांजलेल्या प्रजेने मनूला राजा केले व धान्याचा सहावा भाग त्याला ठरवून दिला, असे कौटिलीय अर्थशास्त्रात म्हटले आहे. हे चित्र हॉब्जच्या जवळचे आहे. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील अग्गञ्ञसुत्तात मात्र मूळचे तेजस्वी जीव लोभामुळे घसरत जातात, भातशेतीची वाटणी होते, चोरी सुरू होते आणि मग लोक आपल्यातूनच एकाला ‘महासंमत’ म्हणून निवडून त्याला भाताचा वाटा देतात.