सत्तावीस लिहिताना आधी सात का?

दुसरीच्या वर्गात अंकांचं श्रुतलेखन चाललं होतं. मी मागच्या बाजूला, मुलांच्यातच सतरंजीवर बसलो होतो. बाई म्हणाल्या, "सत्तावीस." माझ्या शेजारच्या मुलीने पाटीच्या मध्यावर ७ काढला आणि मग त्याच्या डावीकडे राखून ठेवलेल्या जागेत २ बसवला. २७, अगदी बरोबर. तिच्या पलीकडच्या मुलाने कानावर पडलं तसं डावीकडून उजवीकडे लिहून टाकलं: ७२. बाईंनी फुली मारली नाही. नुसतं म्हणाल्या, "वाच बघू काय लिहिलंस." त्याने पाटीकडे पाहिलं आणि ठणठणीत आवाजात वाचलं, "सत्तावीस!"

या मुलाला धांदरट म्हणणं सोपं आहे, आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ते ऐकूनही घेतलंय. पण त्याने केलं काय? भाषेने ज्या क्रमाने सांगितलं त्या क्रमाने त्याने लिहिलं. 'सत्तावीस'मध्ये सात पुढे, वीस मागे. कागदावर मात्र दशक डावीकडे, म्हणजे आधी. हा उलटा क्रम संस्कृतातून आलेला आहे. पंचविंशतीचा पंचवीस झाला, द्वाविंशतीचा बावीस. संस्कृतात शब्दांनी संख्या सांगताना एककापासून सुरुवात करायची पद्धत होती आणि तिचं सूत्रच होतं, 'अङ्कानां वामतो गतिः', अंक डावीकडे चालतात. शेजारच्या त्या मुलीचा हात हेच सूत्र पाळत होता.

मराठीत अडचण एवढ्यावर थांबत नाही. शतकानुशतकं बोलून बोलून हे शब्द इतके झिजलेत की आतले तुकडे ओळखू येत नाहीत. एकट्या सहाचीच रूपं बघा: सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. यातल्या 'सहासष्ट'मध्ये काय तो सहा सरळ ऐकू येतो. पन्नासाचं कुठे 'वन्न' होतं (बावन्न), कुठे 'पन्न' (त्रेपन्न), सत्तरचं 'हत्तर' होतं, नव्वदचं 'ण्णव'. त्यामुळे मराठी मुलाला शंभरपर्यंतचे आकडे जवळजवळ एकेक करून, सुटे शब्द म्हणून पाठ करावे लागतात. इंग्रजीत नव्व्याण्णवपर्यंत पोचायला सत्तावीस शब्द पुरतात. चिनी भाषेत तर एक ते दहा एवढे दहाच. तिथे अकरा म्हणजे 'दहा-एक' आणि सत्तावीस म्हणजे 'दोन-दहा-सात'.

याचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम होतो का, हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलंय. केविन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली चीन आणि अमेरिकेतल्या शाळेच्या उंबरठ्यावरच्या मुलांना मोजायला लावलं. दहापर्यंत दोन्हीकडची मुलं बरोबरीने गेली. फरक पडला तो अकरा ते एकोणीस या पट्ट्यात, म्हणजे जिथे इंग्रजी शब्द वेडेवाकडे होतात नेमके तिथे. अमेरिकन मुलं तिथे अडखळली.

उलट्या क्रमाचा अभ्यास झाला तो जर्मनमध्ये, कारण जर्मनही मराठीसारखीच 'सात-आणि-वीस' म्हणते. ऑस्ट्रियातल्या सात वर्षांच्या मुलांना संख्या ऐकून लिहायला लावल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांच्या एकूण चुकांपैकी जवळपास निम्म्या चुकांचा संबंध या उलटापालटीशी होता. त्याहून मजेशीर प्रयोग झेक मुलांवर झाला. झेक भाषेत दोन्ही पद्धती चालतात, 'वीस सात' आणि 'सात-आणि-वीस'. त्यामुळे भाषा तीच, शाळा तीच, मूलही तेच ठेवून फक्त शब्दांचा क्रम बदलता आला. मुलं उलट्या क्रमात अंकांची अदलाबदल जास्त करत होती. म्हणजे दोष मुलाच्या बुद्धीत किंवा शिकवण्यात शोधायला वावच उरला नाही.

डोक्यात नेमकं काय होतं? 'सत्तावीस' ऐकल्यावर मुलाला सात बाजूला धरून ठेवावा लागतो, वीस ऐकून त्याचे दोन करायचे, ते आधी लिहायचे आणि मग धरून ठेवलेला सात सोडायचा. हे धरून ठेवण्याचं काम करणाऱ्या स्मृतीला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. सात वर्षांच्या मुलात तिची झोळी लहानच असते. आपण मोठे हे सगळं क्षणात करतो, म्हणून ते काम आहे हेच आपल्याला जाणवत नाही. ते जाणवायचं असेल तर कुणाला तरी फोन नंबर मराठी जोड्यांमध्ये सांगून पाहा: अठ्ठ्याण्णव, एकोणसत्तर, त्र्याऐंशी. पलीकडून हमखास येतं, "थांबा थांबा, इंग्लिशमधे सांगा."

नॉर्वेत तर फोनमुळेच हा प्रश्न थेट संसदेत गेला. तिथेही पूर्वी 'सात-आणि-वीस' म्हणत. टेलिफोन खात्याला नंबर सांगण्या-ऐकण्यातले घोळ नको होते. संसदेने ठराव केला आणि १९५१ सालापासून शाळांत व सरकारी कामात 'वीस-सात' आलं. जुनी पद्धत काही मेली नाही, लोकांच्या बोलण्यात ती अजून सापडते.

आपल्याकडे हाच प्रयोग २०१९ साली झाला आणि त्याचं हसं झालं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'वीस एक', 'तीस दोन' असं वाचन आलं. गणिताच्या समितीवर डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनी भरलेले हे शब्द लहान मुलांना जड जातात, गणिताची भीती तिथून सुरू होते, असं त्यांचं म्हणणं होतं आणि जुनी नावं पुस्तकातून काढलेलीही नव्हती. पण विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावावरून 'फडण दोन शून्य' असा विनोद झाला, मराठीचा खून झाल्याची ओरड झाली, आणि सात वर्षांच्या मुलाच्या पाटीवर काय घडतं हा विषय बाजूलाच पडला. माझं मत विचाराल तर दोन्ही नावं शेजारी-शेजारी ठेवण्यात काही गैर नव्हतं. 'सत्तावीस' हे नाव आहे, 'वीस सात' ही त्याची फोड. फोड कळल्याने नाव कसं मरेल?

अर्थात शब्दांवर सगळं खापर फोडणंही बरोबर नाही. जर्मन मुलांच्या या चुका पुढच्या वर्गांत कमी होत जातात आणि जर्मन लोक गणितात मागे आहेत असं कोणी म्हणणार नाही. वर्गात काय साधनं आहेत, त्यांच्याशी मुलं किती वेळ खेळतात, यानेही बराच फरक पडतो. त्या वर्गात आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे होते, रबरबँड लावलेले. ७२ लिहिणाऱ्या मुलाला बाईंनी सत्तावीस काड्या आणायला सांगितल्या. त्याने दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या बिनचूक आणल्या. म्हणजे संख्या त्याला पक्की कळलेली होती, अडलं होतं ते लिहिण्यात. गठ्ठे पाटीच्या डाव्या अंगाला आणि सुट्या काड्या उजव्या अंगाला मांडल्यावर त्याने स्वतःच्या ७२कडे एकदा पाहिलं, बाहीने पुसलं आणि काही न बोलता २७ केलं.

मराठी शब्दांतली एक गोष्ट मात्र फायद्याचीही आहे, ती त्याच तासाला दिसली. भिंतीवर शंभर मण्यांची माळ टांगली होती, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. बाई संख्या सांगत आणि मुलं त्या जागी कपड्यांना लावायचा चिमटा अडकवत. "एकोणतीस" म्हटल्यावर आधी एकाने ३९वर चिमटा लावला. ही जुनी चूक आहे. 'तीस' ऐकू येतं, शेवटी नऊ असतो हे माहीत असतं, झाले एकोणचाळीस. बाईंनी 'एकोण' शब्द फोडून सांगितला: एक ऊन, म्हणजे एकाने कमी. वजाबाकीतल्या 'उणे'मध्येही हाच 'ऊन' आहे. मग एक मुलगी माळेपाशी गेली. तिने एकेक मणी मोजला नाही. तीन रंगपट्टे बोटाने ओलांडून तीसला पोचली, एक मणी मागे आली आणि चिमटा लावला. नाव ऐकून जागा सापडली होती. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ सगळे धडाधड झाले. एकोणनव्वदलाही कुणी चुकलं नाही.

"आता शेवटचा," बाई म्हणाल्या, "शंभराला एक कमी. काय म्हणायचं त्याला?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "एकोणशंभर!"